सोडले, डागले की झाडले?

शब्दशंका : वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांत एकाच शब्दाभोवतीचे प्रश्न इतके जमले की सगळे सदर त्यालाच दिले आहे. शब्द आहे 'क्षेपणास्त्र'.

राजेंद्रनगरमधून एक शिक्षिका विचारतात : रविवारच्या मराठी वर्गात 'क्षेपणास्त्र' या शब्दाला समानार्थी शब्द विचारला. अस्त्र, बाण, अग्निबाण, रॉकेट, मिसाईल, प्रक्षेपास्त्र अशी उत्तरे आली. गुण कोणाला द्यायचे?

'मिसाईल' लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या. तो शब्द आता मराठी बोलण्यात रुळला आहे आणि अर्थ नेमका तोच आहे. 'प्रक्षेपास्त्र'ही त्याच वस्तूचे नाव, पण ते हिंदीतले. प्रक्षेप अधिक अस्त्र अशी त्याची घडण, संस्कृतच्या दृष्टीने निर्दोष. मराठीने मात्र 'क्षेपणास्त्र' पत्करले आणि तेच टिकले. मुलाचे उत्तर चूक म्हणू नका, मराठी लिहिताना कोणता शब्द घ्यायचा एवढे सांगा. बाकीची चार उत्तरे समानार्थी नाहीत, जवळची आहेत. हा फरक मुलांना समजावून देण्यासारखा आहे.

'अस्त्र'पासून सुरुवात करू. शस्त्र हातात धरून वापरायचे : तलवार, कट्यार, पट्टा. अस्त्र हातातून सुटून जायचे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'अस्' या धातूचा अर्थच 'क्षेपणे', म्हणजे 'फेकणे' असा दिला आहे. म्हणजे 'क्षेपणास्त्र' या शब्दात फेकणे दोनदा आले : एकदा 'क्षेपण'मध्ये उघडपणे, एकदा 'अस्त्र'मध्ये दडून. ही पुनरुक्ती फुकट नाही. मराठीत 'अस्त्र' शब्द फार पसरला आहे. पुराणातले मंत्राने सुटणारे ब्रह्मास्त्र, आजचे अण्वस्त्र, भाषणातले टीकास्त्र, सगळ्यांना तो चालतो. त्यामुळे 'फेकले जाणारे' हे वेगळे सांगावे लागते. मुलांना असे सांगा : प्रत्येक क्षेपणास्त्र अस्त्र असते, प्रत्येक अस्त्र क्षेपणास्त्र नसते.

आपल्या परंपरेत ही विभागणी बरीच बारकाईने केलेली आहे. अग्निपुराणात आयुधांचे प्रकार येतात ते असे : यंत्रमुक्त, म्हणजे गोफण-धनुष्यासारख्या साधनाने सुटणारे, पाणिमुक्त, म्हणजे हाताने फेकायचे, मुक्तसंधारित, म्हणजे फेकून परत हाती घेता येणारे, आणि अमुक्त, म्हणजे हातातून न सुटणारे. पाचवे बाहुयुद्ध. तिथे यंत्रमुक्ताच्या उदाहरणात पहिला शब्द 'क्षेपणी' आहे. क्षेपणी म्हणजे गोफण. शेतात पाखरे हाकायला गोफणीतून गुंडा भिरकावतात तेव्हा तो यंत्रमुक्त होतो. आजचे क्षेपणास्त्र याच घरातले.

'रॉकेट' आणि 'अग्निबाण' हे एकमेकांचे समानार्थी, पण क्षेपणास्त्राचे नव्हेत. रॉकेट म्हणजे पुढे जाण्याची एक रीत : इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिजन देणारा पदार्थ, दोन्ही आपल्याबरोबर न्यायचे आणि मागे वायू सोडून पुढे जायचे. बाहेरची हवा लागत नाही म्हणूनच ते अवकाशात चालते. पीएसएलव्ही हा अग्निबाण आहे, क्षेपणास्त्र नाही. तो उपग्रह पोचवतो. उलट बाजूने ब्रह्मोस पाहा. सुरुवातीचा रेटा घन इंधनाच्या रॉकेटचा असतो, पण पुढचा प्रवास रॅमजेट इंजिनावर होतो आणि ते बाहेरची हवा ओढून घेते. म्हणून ब्रह्मोस हे क्षेपणास्त्र आहे. त्याला अग्निबाण म्हटले तर अर्ध्याच गोष्टीचे वर्णन होते. आणखी एक कसोटी मार्गदर्शनाची. आजच्या लष्करी भाषेत, सुटल्यावर वाट दुरुस्त करण्याची सोय असेल तर ते क्षेपणास्त्र. नुसते नेम धरून सोडले तर रॉकेट. पिनाक या यंत्रणेतून ४४ सेकंदांत १२ सुटतात, त्यांना रॉकेटच म्हणतात.

'बाण' लिहिणाऱ्या मुलाला मात्र शाबासकी द्या. का, ते खाली दुसऱ्या एका उत्तरात आहे.

लोकमान्यनगर, इंदूर : क्षेपणास्त्र, क्षेपनास्त्र, क्षेपणास्र. छापील मजकुरात तिन्ही दिसतात.

पहिलेच बरोबर. 'ण' का, याचे कारण 'क्ष'मध्ये आहे. क्ष म्हणजे क् आणि ष्. र किंवा ष यांच्यापुढे त्याच शब्दात न आला, आणि मध्ये केवळ स्वर, कवर्ग, पवर्ग, य, व, ह अशी अक्षरे असली, तर न चा ण होतो. इथे ष् नंतर ए, प्, अ एवढेच आहे, म्हणून क्षेपण. याच नियमाने भूषण, लक्षण, रामायण. उलट 'दर्शन'मध्ये र असूनही न राहतो, कारण मध्ये श येतो.

'स्त्र'मधला त गाळू नका. अस्र असा वेगळा संस्कृत शब्द आहे आणि त्याचा अर्थ अश्रू किंवा रक्त. गंमत अशी की हीच माणसे जिथे त नाही तिथे तो घालतात : सहस्र, स्रोत, हिंस्र हे शब्द सर्रास सहस्त्र, स्त्रोत, हिंस्त्र असे लिहिले जातात. लक्षात ठेवायला सोपे : शस्त्र, अस्त्र, वस्त्र, शास्त्र यांत 'त्र' हा प्रत्यय आहे, 'साधन' या अर्थाचा. सहस्रात साधन कुठलेच नाही, मग त कशाला?

जाता जाता, 'अग्नी' क्षेपणास्त्राचे नाव मराठीत दीर्घ ई घालून लिहावे. तत्सम शब्दाचा शेवटचा इकार एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला तर ऱ्हस्व, हा १९६२ पासूनच्या लेखननियमांतला संकेत. म्हणून अग्नी-५, पण अग्निबाण. हिंदी बातमीतला 'अग्नि-५' तसाच उचलला की ही चूक होते.

सुदामानगरमधील एक आजोबा : नातवंडे म्हणतात 'मिसाइल सोडली'. सून म्हणते 'मिसाईल सोडलं'. बातमीत येते 'क्षेपणास्त्र डागले', कुठे 'झाडले'. बरोबर काय?

आजोबा, सूनबाईंचे बरोबर. मराठीत क्षेपणास्त्र नपुंसकलिंगी : ते क्षेपणास्त्र, ती क्षेपणास्त्रे, क्षेपणास्त्राचा पल्ला, क्षेपणास्त्रांचा मारा. परका शब्द घरात आला की मराठी त्याला बहुधा घरातल्या जुन्या शब्दाचे लिंग देते, म्हणून मिसाईलही नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. तिथे अस्त्र पुल्लिंगी झाले आणि मिसाइल स्त्रीलिंगी. इंदूरची मुले दिवसभर शाळेत 'मिसाइल दागी गई' ऐकतात आणि घरी येऊन 'सोडली' म्हणतात. रागवू नका, 'ते मिसाईल' असे आपण सहज बोलत राहिलो की कानाला सवय होते. 'रॉकेट' हा शब्दही तसाच : हिंदीत तो, मराठीत ते. अनेकवचनाला मात्र 'मिसाईल' अडतो; मिसाइले, मिसाईल्स, काहीही नीट बसत नाही. तिथे 'क्षेपणास्त्रे' म्हणा, सुटका होते.

आता क्रियापदे. मराठीत प्रत्येक फेकीला स्वतःचे क्रियापद आहे, आणि चूक होते ती बहुतेक इथेच.

'सोडणे' सर्वांत सुरक्षित. बाण सोडतात, पाणतीर (टॉर्पेडो) सोडतात, क्षेपणास्त्र सोडतात. युद्ध असो की चाचणी, चालते.

'डागणे' याच्या मुळाशी चटका आहे. तापलेल्या लोखंडाने जनावराला डागतात, तोच हा शब्द. जुन्या तोफेच्या मागच्या अंगाला बारीक भोक असे, त्याला कान म्हणत. कानावर दारूची चिमूट ठेवून जळती बत्ती टेकवली की आतला बार पेट घेई. तो चटका म्हणजे डागणे. म्हणून आधी 'तोफ' डागली जाई, मग 'गोळा' डागला असे म्हणू लागले, आणि तिथून क्रियापद क्षेपणास्त्रापर्यंत आले. आजही त्यात समोर कोणीतरी असल्याची भावना आहे : तळावर क्षेपणास्त्र डागले, हे बरोबर. ज्याच्यावर डागले त्याला 'वर' लावायचे. चाचणीच्या बातमीत 'डागले' लिहिले तर उगाच लढाई सुरू झाल्यासारखे वाटते; तिथे 'चाचणी घेतली' पुरे.

'झाडणे' गोळीसाठी : गोळी झाडली, फैरी झाडल्या. क्षेपणास्त्र झाडत नाहीत. 'फेकणे' हाताच्या जोराचे : हातगोळा, भाला. मैदानावरच्या गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक या नावांत तेच आहे. बॉम्ब विमानातून 'टाकतात', कारण तो मुळात आपल्या वजनाने खाली येतो.

आणि 'उडवणे' जपून वापरा. तोफ उडवली म्हणजे तोफेतून बार काढला, पण पूल उडवला म्हणजे नष्ट केला. 'त्यांनी क्षेपणास्त्र उडवले' या वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि ते अगदी उलट आहेत. शत्रूचे येणारे क्षेपणास्त्र नष्ट केले असेल तर 'हवेतच पाडले' किंवा 'निकामी केले' असे लिहावे.

महूजवळ राहणाऱ्या, हिंदीतून मराठी अनुवाद करणाऱ्या एक वाचक : संरक्षणविषयक हिंदी मजकुराचा अनुवाद करताना शब्द जवळजवळ तेच असतात, तरी मराठी वाचक हसतात. कुठे चुकते?

शब्द तेच असतात म्हणूनच चुकते. एक वाक्य घेऊ. मूळ हिंदी : 'ओडिशा के तट से सतह से सतह पर मार करने वाली मिसाइल का सफल परीक्षण किया गया।' घाईतला अनुवाद असा होतो : 'ओडिशाच्या तटावरून सतहावरून सतहावर मार करणारी मिसाइलचा सफल परीक्षण केला गेला.'

एकेक शब्द सोडवू या. मराठीत 'तट' म्हणजे आधी किल्ल्याची भिंत आठवते, नाहीतर पक्षातले तट. समुद्राला 'किनारा' म्हणा. 'परीक्षण' मराठीत नाटकाचे, पुस्तकाचे होते. यंत्राची आणि शस्त्राची 'चाचणी' होते. चाचणी 'सफल' न म्हणता 'यशस्वी' म्हणतो. 'मार' आपण खातो किंवा देतो; शस्त्र 'मारा' करते. 'करणारी मिसाइलचा' यात विशेषणाचे सामान्यरूप करायचे राहून गेले आहे, आणि ही चूक शब्दाच्या चुकीपेक्षा जास्त खटकते. 'केला गेला' हे 'किया गया' या रचनेचे सावट. मराठीत 'घेण्यात आली' किंवा सरळ 'घेतली'. उरली 'सतह'. हिंदीत सतह म्हणजे पृष्ठभाग, त्यात जमीनही येते आणि समुद्रावरची नौकाही. म्हणून दर वेळी 'जमिनीवरून' लिहून मोकळे होऊ नका. क्षेपणास्त्र कुठून सुटले ते मूळ मजकुरात शोधा. नौकेवरून सुटले असेल तर 'युद्धनौकेवरून' लिहा. आपल्या वाक्यात ते जमिनीवरून सुटले असे धरले तर मराठी असे होईल : 'जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राची ओडिशाच्या किनाऱ्यावरून यशस्वी चाचणी घेण्यात आली.'

सर्वांत फसवा शब्द 'प्रक्षेपण'. हिंदीत तो सोडण्याला, आणि कार्यक्रम दाखवण्याला 'प्रसारण'. मराठीत उपग्रहाचे प्रक्षेपण होते आणि क्रिकेटच्या सामन्याचेही थेट प्रक्षेपण होते. 'क्षेपणास्त्राचे प्रक्षेपण सकाळी झाले' या वाक्यात ते सुटले की दूरचित्रवाणीवर दिसले, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. 'क्षेपणास्त्र सकाळी सोडले' लिहा.

नेहमी लागणारे आणखी काही शब्द : हिंदी परास, मराठी पल्ला. कमी पल्ल्याचे, मध्यम पल्ल्याचे, लांब पल्ल्याचे असे सहज म्हणता येते. रक्षा मंत्रालय, संरक्षण मंत्रालय. थलसेना, भूदल. वायुसेना, हवाई दल. युद्धाभ्यास, युद्धसराव. विध्वंसक, विनाशिका. टैंक, रणगाडा, आणि 'रणगाडाविरोधी' जोडून लिहा. 'क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा' यातही 'क्षेपणास्त्रविरोधी' हा एकच शब्द, नाहीतर 'विरोधी यंत्रणा' म्हणजे विरोधकांची यंत्रणा असे वाचले जाते. पनडुब्बी, पाणबुडी; तिचे अनेकवचन पाणबुड्या, आणि पाण्यात बुडी मारणारा माणूसही पाणबुड्याच. 'पाणबुड्या पाठवल्या' आणि 'पाणबुड्या पाठवला' यांतला फरक क्रियापद सांगते, तेव्हा ते नीट तपासा.

'आंतरखंडीय' हे विशेषण पदरचे लावू नका. ५,५०० किलोमीटरच्या वर पल्ला असेल तर आंतरखंडीय, अशी प्रचलित रेघ आहे. १९ एप्रिल २०१२ रोजी पहिली चाचणी झालेल्या अग्नी-५ चा अधिकृतपणे सांगितला जाणारा पल्ला '५,००० किलोमीटरहून अधिक' असा असतो. अशा वेळी आकडा द्या, विशेषण मूळ मजकुरात असेल तरच ठेवा. तसेच 'बॅलिस्टिक' आणि 'क्रूझ' हे शब्द आहेत तसे राहू द्या, पण पहिल्यांदा येतील तिथे अर्धी ओळ खर्च करा. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला सुरुवातीलाच रेटा मिळतो. मग फेकलेल्या दगडासारखे ते उंच कमान करून गुरुत्वाकर्षणाने खाली येते. क्रूझ क्षेपणास्त्राचे इंजिन शेवटपर्यंत चालू असते आणि ते विमानासारखे हवेत तरंगत जाते. एवढे सांगितले की पुढचा मजकूर वाचकाला कळतो.

नावाबरोबर क्रियापद जुळवताना अडेल. पृथ्वी, अग्नी ही क्षेपणास्त्रांची नावे. 'पृथ्वी सोडली', 'अग्नी सोडला' हे कानाला विचित्र लागते. मध्ये 'हे क्षेपणास्त्र' घाला : 'पृथ्वी हे क्षेपणास्त्र सोडले'. प्रश्नच उरत नाही.

रामबाग, इंदूर : घरातल्या जुन्या कागदांचे मोडीतून लिप्यंतर करताना अठराव्या शतकातल्या पत्रात 'बाण, जेजाला, सुतरनाळा' असे एकत्र येते. तोफांच्या काळात धनुष्यबाण?

धनुष्याचे नव्हेत. त्या काळच्या लष्करी मराठीत बाण म्हणजे बहुधा दारूचा बाण, म्हणजे रॉकेट. धनुष्याच्या बाणाला 'तीर' म्हणत. तिरंदाज, तिरकमठा हे शब्द त्यातलेच. पत्रात शेजारी दारूगोळा, तोफा, उंट असतील तर बाण रॉकेटचा समजा. कमान, भाता असेल तर तीर. तुमच्या यादीतली जेजाल म्हणजे लांब नळीची जड बंदूक, टेकू देऊन उडवायची. सुतरनाळ उंटावरची, फारसीत शुतुर म्हणजे उंट. हत्तीवरची ती गजनाळ.

म्हैसूरच्या हैदर आणि टिपूच्या फौजेतले बाण यांतले सर्वांत गाजलेले. वीतभर लोखंडी नळी, एक तोंड बंद, आत ठासलेली दारू, आणि नळीला बांधलेला तीन-चार फुटांचा बांबू. महत्त्व लोखंडाला होते : कागदी नळी आतल्या दाबाने फुटते, लोखंडी नळी तो दाब सोसते, म्हणून बाण लांब जाई. बांबू शेपटासारखा मागे राहून दिशा धरी. तो वाकडा असला तर बाण भरकटे. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा तडाखा बसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथले बाण इंग्लंडला गेले आणि पुढच्या काही वर्षांत विल्यम काँग्रीव्हने ब्रिटिश सैन्यासाठी रॉकेटे तयार केली.

म्हणून वर मुलाला शाबासकी द्या म्हटले. दिवाळीत आपण बाटलीत उभा करून जो बाण सोडतो, त्याचे मराठी नाव रॉकेटच्या आधीचे आहे. लिप्यंतरात शब्द 'बाण' असाच ठेवा, टीपेत 'दारूचा बाण' असा खुलासा करा.

देपालपूर तालुक्यातून : गौतमपुऱ्यात दिवाळीच्या पाडव्याला हिंगोट चालतात. मराठीत लिहिताना त्यांना काय म्हणावे?

हिंगोटच म्हणावे. ते ज्या फळाचे करतात त्याचे मराठी नाव हिंगणबेट, पण ते झाडाचे झाले. कवच पोखरून, वाळवून, दारू भरून बांबूची काडी लावली की ते त्या गावचे हिंगोट होते, आणि तुर्रा व कलंगी या दोन दळांच्या खेळाचे ते नाव आहे. रचना दारूच्या बाणाची : कवच ही नळी, काडी हे शेपूट. वाट दुरुस्त करण्याची कुठलीच सोय नाही, म्हणून 'क्षेपणास्त्र' म्हणू नका. हात वात पेटवतो, पुढे नेतो तो दारूचा रेटा. तेव्हा 'फेकले' पेक्षा 'सोडले' नेमके.

उज्जैनहून एका ओळीचा प्रश्न : क्षिप्रा नदी आणि क्षेपणास्त्र यांचा काही संबंध?

'क्षिप्र' म्हणजे त्वरित, आणि तो शब्द 'क्षिप्' या धातूचाच. आक्षेप, संक्षेप, निक्षेप, विक्षिप्त, प्रक्षिप्त हेही त्याच धातूचे. नदीचे नाव मात्र क्षिप्रा आणि शिप्रा असे दोन्ही लिहिले जाते. आपल्याकडच्या मराठी लिखाणात दोन्ही चालतात. एका लेखात एकच ठेवा.